आत्याला उठवताना

मेलकावेरी, 1 ऑगस्ट
आत्या काल घरी आली. खुब्याच्या हाडात सळई बसवली आहे. पायावर भार द्यायला हरकत नाही, असं डॉक्टरांनी स्वच्छ लिहून दिलंय. तरी सकाळपासून भेटायला येणारी प्रत्येक बाई बजावून जाते, "अजिबात हलायचं नाही!" मायेपोटीच म्हणतात, पण याच मायेनं म्हातारी माणसं कायमची अंथरुणाला खिळतात. 2007 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात धडधाकट वृद्धांना 10 दिवस झोपवून ठेवलं, तर पायांतलं जवळजवळ 1 किलो मांस झडलं. आत्याच्या पायांत झडायला उरलंय काय?

2 ऑगस्ट
दुखतंय हे ती कबूलच करत नाही. पण श्वास अर्धाच घेते, खोकला दाबते. अशानं छातीत कफ साचतो, पुढे न्यूमोनिया. श्वास ओढायच्या यंत्रातले दोन चेंडू वर जातात, तिसरा ढिम्म. म्हटलं, "आत्या, गोळी दुखल्यावर नाही, वेळेवर घ्यायची." दुपारी गोळीनंतर अर्ध्या तासानं ओढलं, तर तिसराही थरथरला.

3 ऑगस्ट
आज आडिपेरुक्कू, नदीच्या पूजेचा सण. बायका ताटं घेऊन कावेरीवर निघालेल्या. आत्याला निदान तिण्णैवर, दारापुढच्या ओट्यावर, तरी बसायचं होतं. उंबरठ्याला वॉकरचं रबर अडलं. चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा. बाहेर पोचली, घामाघूम झाली, आणि परत येऊन पोटभर जेवली!

5 ऑगस्ट
तंजावरच्या मराठा सरफोजीराजांच्या (कारकीर्द 1798–1832) काळातल्या डोळ्यांच्या शस्त्रक्रियांच्या नोंदी तिथल्या सरस्वती महाल ग्रंथालयात आहेत. आधीची अवस्था, नंतरची अवस्था, डोळ्यांची चित्रं. शस्त्रक्रियेनंतरही रोग्यावर नजर ठेवलेली. "आपले राजे," आत्या म्हणाली. डेन्मार्कच्या हेन्रिक केलेट या सर्जननं 1997 मध्ये हाच नंतरचा काळ नीट मांडला: वेदना आवरा, लवकर खाऊ घाला, लवकर उठवा. कुठलंच एक औषध नव्हे, सगळं मिळून. ही घडी बसवायला नवं यंत्र लागत नाही, लागतं ते माणूस. म्हणूनच ती राहून जाते.

8 ऑगस्ट
नुसत्या रसम-भातावर जखम भरत नाही. दोन्ही वेळा घट्ट वरण, वाटीभर दही, संध्याकाळी उकडलेल्या कडधान्याचं सुंडल. शेजारच्या मामींच्या यजमानांचं हर्नियाचं ऑपरेशन ठरलंय. आत्या वॉकर धरून उभ्या उभ्याच मामींना तमिळमध्ये समजावत होती: पाणी किती तास आधीपर्यंत चालेल ते विचारा, रात्रीपासून उगीच कोरडं ठेवू नका, आणि त्यांना उठवून कधी बसवायचं, तेही आधीच विचारून ठेवा.