मूठभर तांदळाचे वाण

आपल्याकडे संक्रांतीचे वाण देत नाहीत, लुटतात. भाषांतराच्या नोकरीत इतकी वर्षे काढूनही या क्रियापदाला साजेसा प्रतिशब्द मला दुसऱ्या भाषेत सापडलेला नाही. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत हळदीकुंकवाला येणाऱ्या प्रत्येक सुवासिनीच्या हाती काहीतरी ठेवायचे. आणि हे 'काहीतरी' अलीकडे बहुधा प्लॅस्टिकचे असते. वाचकहो, आपल्या घरचे फडताळ एकदा उघडून पाहा. झाकण न बसणारे दोन-चार डबे तरी आपल्याला त्यात खास आढळतील.

माझी थोरली बहीण भिलाईला कॅम्प-१ मध्ये राहते. पोलाद कारखान्याची पहिली झोतभट्टी १९५९ साली सुरू झाली, त्या सुमारास तिचे सासरे भंडाऱ्याहून कामासाठी तेथे गेले आणि तेथलेच झाले. तेलुगू, बंगाली, छत्तीसगढी अशा शेजारात आपले हळदीकुंकू ताईने मोठ्या मानाने जपले आहे. चाळीस बायका येतात, त्यांत मराठी निम्म्याही नसतात. वाण हलके झाले तर आपल्या साऱ्या मुलखाची मान खाली जाईल, अशी तिची समजूत आहे, आणि तिला मी हसणार नाही.

२०२५ च्या जानेवारीत मी आठवडाभर तिच्याकडे होते. पलंगाखाली दोन डझन नवे डबे येऊन पडले होते. त्यांच्याशेजारी, पुढे कोणालातरी देण्यासाठी ठेवलेल्या जुन्या वाणांत, मला एक निळा डबा दिसला. तो मीच तिला आदल्या वर्षी दिला होता. आता कबूल करते, मलाही तो कोणीतरी दिलेलाच होता. १ जुलै २०२२ पासून एकदाच वापरायच्या प्लॅस्टिकच्या ताटल्या, पेले, चमचे यांवर देशभर बंदी आली. हे डबे त्या यादीत बसत नाहीत. ते एकदाही वापरले जात नाहीत, हा भाग निराळा.

माझी भाची कॉलेजात शिकते. तिने व गल्लीतल्या दोन मैत्रिणींनी आदल्या वर्षी शिंप्याकडची कात्रणे जोडून पिशव्या शिवल्या होत्या. बेत चांगला होता, पण फसला. पिशव्या भाजीला लहान आणि पैशांना मोठ्या; बहुतेक घरी त्यांची फडकी झाली. "रिकामी पिशवी कोणी वाण म्हणून देतं का?" हे ताईचे वाक्य मुलीच्या मनाला फार लागले होते.

१३ जानेवारीला पौषी पौर्णिमा होती. त्या दिवशी छत्तीसगढात छेरछेरा असतो. नवे धान घरात आलेले असते, आणि मुले पिशव्या व टोपल्या घेऊन "छेरछेरा" म्हणत दारोदार जातात. रिकाम्या हाताने कोणी कोणाला परत पाठवत नाही. सकाळी सातालाच आमच्या दारात पाच-सहा पोरे उभी राहिली. भाचीने प्रत्येकाच्या पिशवीत ओंजळभर तांदूळ घातला, आणि आत येऊन म्हणाली, "मावशी, यात टाकून द्यायचं काही उरतच नाही की!"

संध्याकाळपर्यंत तिघींचे ठरले होते: त्याच कात्रणांच्या लहान पिशव्या, आणि प्रत्येकीत पावभर दुबराज. धमतरीकडच्या नगरीच्या या सुवासिक तांदळाला २०२३ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आहे. डब्याच्या खर्चाशी हिशेब साधारण सारखाच बसला.

ताई मात्र बिथरली. "भिक्षेसारखे तांदूळ घालायचे बायकांच्या हातात?"

"आई, ओटीत तू काय घालतेस?"

ताई काही बोलली नाही. तिच्या सासूबाईंच्या काळी तरी वाण म्हणून दुसरे काय होते? सुगडात ऊस, बोरे, गाजर, हरभऱ्याचे घाटे, गव्हाच्या ओंब्या. चार दिवसांत ते खाऊन संपे, आणि मडके पाणी-दाण्याच्या कामी येई किंवा मातीला मिळे. हे मी मोठ्याने म्हटले नाही. मायलेकींच्या वादात मावशीने पडू नये, असा माझा अनुभव आहे. रात्री उशिरा ताई स्वतःच उठली आणि पिशव्यांची टोके आत दुमडून शिवू लागली, कारण मुलींचे टाके तिला पाहवत नव्हते.

१९ तारखेच्या रविवारी हळदीकुंकू झाले. मी स्वयंपाकघराच्या दारातून बायकांचे चेहरे पाहत होते. दोघी-तिघींनी पिशवी उलटसुलट करून पाहिली आणि काही न बोलता पर्समध्ये टाकली. समोरच्या घरच्या आंध्राच्या आजींनी मात्र तिथेच नाडी सोडली, वास घेतला आणि ताईला हिंदीत विचारले, हा तांदूळ कुठून आणलात? मग दुबराज कसा शिजवावा यावर तासभर चर्चा चालली. त्या दिवशी उखाणे राहूनच गेले.

पलंगाखालचे दोन डझन डबे अजून तेथेच आहेत. त्यांचे काय करावे, हे मुलींनाही सुचलेले नाही.

मी निघाले त्या दिवशी आजींची नात दारात आली. हातात तीच पिशवी होती. रिकामे भांडे परत देऊ नये, ही रीत त्यांच्याकडेही असावी. आत चार अरिसेलू होते, गुळाचे, वर तीळ लावलेले. ताईने ते ताटलीत काढले, पिशवी झटकली आणि तांदळाचा डबा उघडला.