वेग धरणारी कळ आणि भंडाऱ्याची वाट

बाजार आटोपून रात्री गावी परतणारा गाडीवान कासरा सैल सोडून गाडीतच डुलकी घेत असे आणि बैल आपल्या चालीने गाडी बरोबर दारात आणून उभी करत. वाट त्यांच्या ओळखीची, चाल ठरलेली, आणि समोर काही आडवे आले तर ते आपण होऊन थांबत. वाचकहो, मोटारीत पायाला विसावा देणारी ‘क्रूझ कंट्रोल’ नावाची जी सोय आहे, तिची या बैलांशी तुलना करताना एवढे ध्यानात ठेवावे की ती चाल राखते, पण आडवे आलेले तिला दिसत नाही.

विषय शहरी वाटेल, पण तो आपल्या अंगणात येऊन पोचला आहे. धान विकून झाले, लाखोळी-जवस घरात आले, की आपल्याकडची बिऱ्हाडे शेगाव-पंढरपूर करायला निघतात. पूर्वी एस.टी. होती, मग भाड्याची जीप आली. आता कुणी चार भावांत मिळून जुनी टेम्पो ट्रॅव्हलर घेतो, मागची आसने काढून दोन निजायची बाकडी, पाण्याची टाकी, शेगडी आणि डब्यांची फळी बसवतो. शहरातले लोक याला कॅम्पर व्हॅन म्हणतात. महाराष्ट्र शासनाने २०२१ साली अशा गाड्यांच्या पर्यटनासाठी धोरणही आणले. आजी मागे निजलेली, पोरे खिडकीशी आणि घरातला एक तरुण दिवसभर स्टिअरिंगवर, असे हे फिरते घर. संध्याकाळपर्यंत त्या तरुणाचा उजवा पाय पोटरीपासून बधिर होतो. मग कुणी मेकॅनिक सांगतो, ‘एक कळ बसवून देतो. ऐंशीवर लावा आणि पाय काढून घ्या.’

ही कळ करते काय, हे समजायला परदेशात जायला नको. बोडीवर किंवा नदीकाठी डिझेल इंजिन चालवलेल्या कोणालाही ते ठाऊक आहे. पंपाने पाणी ओढायला घेतले की इंजिनाचा आवाज जड होतो. पाइपात हवा शिरली की बोजा एकदम जातो. तेव्हा इंजिन खरे तर सुसाट सुटायला हवे, पण सुटत नाही. आत गरगर फिरणारी वजने वेग वाढताच बाहेर फाकतात आणि डिझेल कमी करतात. वेग उतरला की आत येतात आणि डिझेल वाढवतात. हा गव्हर्नर. जेम्स वॅटने वाफेच्या इंजिनावर तो १७८८ साली बसवला. चिखलणीच्या वेळी ट्रॅक्टरवाला हाताचा एक्सलेटर एका जागी लावतो आणि केज व्हील रुतले तरी इंजिन दम धरते, तीही त्याचीच करामत. फरक एवढाच की तो इंजिनाचे फेरे राखतो आणि क्रूझ कंट्रोल गाडीचा वेग राखतो.

मोटारीसाठी ही युक्ती राल्फ टीटर नावाच्या अमेरिकन अभियंत्याने काढली. हे गृहस्थ वयाच्या पाचव्या वर्षी आंधळे झाले होते. स्वतः कधी गाडी न चालवणाऱ्या माणसाने वेग धरण्याचे यंत्र काढावे, याचे नवल वाटते. त्यांचे वकील मित्र गाडी चालवता चालवता बोलू लागले की वेग कमी होई आणि ऐकू लागले की वाढे. त्या हिसक्यांना कंटाळून त्यांना ही कल्पना सुचली, असे सांगतात. १९५० साली पेटंट मिळाले आणि १९५८ साली क्रायस्लर कंपनीच्या गाड्यांत ती सोय आली. आपल्या वाहनांत तिला पोचायला पुढे कित्येक वर्षे लागली.

आता बसवण्याचे पाहू. तुमची गाडी जुनी असेल आणि एक्सलेटरपासून इंजिनापर्यंत तार जात असेल, तर त्या तारेला जोडून ओढणारे दुसरे यंत्र बसते. गाडीचा वेग कळावा म्हणून प्रोपेलर शाफ्टवर लोहचुंबक बसवतात किंवा वेगाच्या काट्याची वायर घेतात. नव्या गाड्यांत तार नसते. पेडल फक्त विजेचा इशारा देते. तिथे पेडलच्या प्लगमध्येच एक डबी जोडली की बरेचसे काम झाले, वायर कापावी लागत नाही. वायर कापून चिकटपट्टी गुंडाळणारा कारागीर दिसला तर तिथून गाडी काढा. आधी गाडीच्या कंपनीची हमी आणि विमा यांचे काय होते ते विचारून घ्या, आणि पावती जपून ठेवा.

सगळ्यात जिवाचे काम दोन वायरींचे आहे: ब्रेकची आणि क्लचची. ब्रेकला नुसता पाय लागला तरी कळ सुटली पाहिजे. क्लच दाबताच सुटली नाही, तर बोजा गेलेले इंजिन किंकाळी फोडते. जुन्या धर्तीच्या पुष्कळ यंत्रांत ब्रेकची खूण मागच्या लाल दिव्याच्या वायरीवरून घेतात. दिवा गेला किंवा साध्या बल्बाच्या जागी एलईडी बसवला, की यंत्र लागतच नाही. लोक यंत्राला शिव्या देतात, पण ते शहाणपणानेच अडून बसलेले असते. पहिली परीक्षा घरच्यांना न घेता, रिकाम्या सपाट सडकेवर करा. ब्रेकने सुटते का, क्लचने सुटते का, बटणाने सुटते का, हे तिन्ही दहा-दहा वेळा पाहा. एकदाही अडखळले तर परत दुकानात.

आणखी एक गोंधळ इथेच मिटवू. भाड्याच्या गाड्यांत ताशी ८० ला अडवणारे जे उपकरण असते, त्यालाही चालक गव्हर्नरच म्हणतात. ते वेगाला फक्त झाकण घालते, वेग राखत नाही. एक आहे म्हणून दुसऱ्याची गरज संपली, असे समजू नका.

तर आता निघू या. नागपूरहून भंडाऱ्याकडे येणारी सडक म्हणजे पूर्वीचा राष्ट्रीय महामार्ग ६, आताचा ५३. पश्चिमेला सुरतजवळच्या हजिऱ्यापासून पूर्वेला ओडिशातल्या पारादीप बंदरापर्यंत जाणारा. मौदा ओलांडल्यावर जमीन पाटासारखी सपाट आहे. दुपारची वेळ, वाहने तुरळक. इथे कळ लावा. पाय सैल होतो, कंबर सरळ होते, आणि काटा ८० वरून हलत नाही याची गंमत वाटते. डिझेलही वाचते, कारण पायाने आपण नकळत कमी-जास्त करत असतो. मात्र ही बचत ८० वर आहे, १०० वर नाही. कॅम्परची पेटी उंच आणि चपटी. १०० च्या वेगाला वाऱ्याचा अडसर ८० च्या मानाने दीडपटीहून जास्त होतो. केंद्र सरकारने २०१८ साली ठरवलेल्या कमाल मर्यादेत चौपदरी सडकेवर चालकासह नऊ आसनांपर्यंतच्या प्रवासी गाडीला ताशी १०० आणि त्याहून मोठ्या गाडीला ९० ची मुभा आहे, जागोजागीचे फलक त्याहून कमी सांगतात. पण आपल्याला पोचायचे आहे, शर्यत लावायची नाही.

पुढे भंडारा जिल्हा लागतो आणि ठाणा पेट्रोलपंप येतो. गावाच्या नावातच पेट्रोलपंप असलेले हे ठिकाण बाहेरच्या माणसाला हसू आणते. शेजारी जवाहरनगरचा आयुध निर्माणी कारखाना. पाळी सुटण्याच्या सुमारास सायकली आणि मोटारसायकलींची रीघ लागते, तेव्हा ठाण्याच्या आधीच कळ सोडावी. भंडारा शहरात तर तिचे नावही काढू नका. वैनगंगा ओलांडून कारध्याला आलात, की उजवी-डावीकडे धानाच्या बांध्या सुरू होतात. गडेगावला अशोक लेलँडचा कारखाना आहे, तिथे गिअरबॉक्स तयार होतात. पुढे लाखनी, मग साकोली. भंडाऱ्याहून साकोली सुमारे चाळीस किलोमीटर.

नकाशावर ही सरळ रेघ आहे. सडकेवर काय असते ते तुम्ही इथले असाल तर सांगायला नको. पावसाळ्यात ढोरे चिखल सोडून कोरड्या डांबरावर बसतात आणि हॉर्नला भीक घालत नाहीत. दिवाळीच्या आगेमागे धान कापणी आणि मळणी चालते. मागचा दिवा नसलेली ट्रॉली अंधारात पोत्यांच्या थप्पीसकट पुढे उभी ठाकते. कुठे कडेला धान वाळत घातलेले असते आणि दोन्ही टोकांना दगड मांडलेले असतात. थंडीत झाडीपट्टीची नाटके सुरू झाली की पहाटे तीनला माणसांनी भरलेल्या जीपा आणि मोटारसायकली परतत असतात, अर्ध्या झोपेत.

आता हिशेब करा. ताशी ८० म्हणजे सेकंदाला २२ मीटर. पाय पेडलवर असतो तेव्हा तो ब्रेकच्या शेजारीच असतो. कळ लावून पाय आसनाखाली ओढून घेतला, तर तो परत यायला एक सेकंद जास्त लागतो, आणि त्या एका सेकंदात गाडी घराच्या अंगण-परसासकट लांबी कापून जाते. म्हणून माझे मत असे, की कळ लावल्यावर पाय काढून घ्यायचा नाही, तो ब्रेकवर न टेकवता ब्रेकसमोर टाचेवर उभा ठेवायचा. पोटरीला तेवढा विसावा पुरतो. काही महागड्या नव्या गाड्यांत रडार असते, ते पुढच्या वाहनापासून अंतर राखते. बाजारात मिळणाऱ्या साध्या कळीला तो डोळा नसतो.

साकोलीजवळ मोहघाट्याचे जंगल आहे. या भागात सडकेच्या उत्तरेला नागझिरा आणि दक्षिणेला नवेगावबांध. २०१३ साली दोन्ही मिळून नवेगाव-नागझिरा व्याघ्रप्रकल्प झाला. म्हणजे हा महामार्ग जनावरांच्या जाण्या-येण्याच्या वाटेवरून जातो. काही ठिकाणी सडक उचलून खालून त्यांना वाट ठेवली आहे, पण रानडुकराला आणि चितळाला फलक वाचता येत नाही. शेजारच्या गोंदिया जिल्ह्यात, जो १ मे १९९९ पर्यंत आपल्याच जिल्ह्याचा भाग होता, कोहमारा-गोंदिया मार्गावर मुरदोलीच्या जंगलात १० ऑगस्ट २०२३ च्या रात्री एका मोटारीची धडक बसून तरुण वाघ मेला. जखमी वाघ सडकेवरून झाडीकडे सरपटत जातानाचे चित्रण साऱ्या देशाने पाहिले. ती जागा वाघाची होती तशी उद्या नीलगाईची असेल. आणि नीलगाय काचेतून आत आली तर मागे निजलेल्या आजीपर्यंत येते. जंगलाचा पट्टा सुरू होण्याआधी कळ सोडा, दिवस असो की रात्र, आणि वेग ५०-६० वर आणा.

पावसात कळ लावणे हा तर निव्वळ अविचार. पाण्यावर चाक घसरले की माणूस पाय उचलतो, यंत्र मात्र आधी इंधन देत राहते. उतारावरही ते उपयोगाचे नाही: इंधन कमी करणे एवढेच त्याच्या हाती, ब्रेक त्याच्या हाती नाही. शंभर-दीडशे लिटर पाणी, सिलिंडर आणि आठ माणसे घेतलेली गाडी लांब उतारावर लावलेल्या वेगाच्या पुढे निघून जाते. सिलिंडरची तोटी चालत्या गाडीत बंद हवी, हे गृहिणींनी आपल्याकडे घ्यावे. पुरुषांच्या ते लक्षात राहत नाही.

आणि झोप. पायाला काम नसले की डोळ्याला ती लवकर लागते. नागपूरपासून मुंबईकडे जाणारा ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग ५ जून २०२५ पासून पूर्ण खुला झाला. सरळ, एकसारखी सडक, ना गाव ना बाजार. अशा सडकेवर ही कळ सगळ्यात सोयीची आणि सगळ्यात धोक्याची. दर दोन तासांनी थांबा, खाली उतरा, चहा घ्या, दुसऱ्याला बसवा. शेजारच्या आसनावर बोलका माणूस असावा, घोरणारा नको.

साकोलीला महामार्ग सोडून शिवनीबांधच्या तलावाकडे वळलात, की गाडी तिसऱ्या, दुसऱ्या गिअरवर येते आणि साधारण चाळीसच्या खाली ही यंत्रे लागतच नाहीत. कोकाचे अभयारण्य, पवनीचे वैनगंगेचे घाट, तुमसरकडचे चांदपूर, आपल्या जिल्ह्यात पाहण्यासारखे जे आहे ते सारे अशाच आडवाटांवर आहे. शिवनीबांधला मुक्काम करायचा असेल तर गाडी पाळीवर चढवू नका, खाली सपाट जागा पाहून उभी करा आणि चाकांना दगड लावा. निजण्याआधी कळीचा लाल दिवा विझला का ते पाहा. कारागिराने तिची वायर चावीवरून न घेता थेट बॅटरीवरून घेतली असेल, तर रात्रीतून बॅटरी उतरू शकते. मग सकाळी ढोरे घेऊन आलेल्या ढोरक्यांनाच धक्का मारायला बोलवावे लागते. ते येतात, पण आधी पोटभर हसून घेतात.