अंबरीची कैफियत

काश्मीरच्या करेव्यांवर, म्हणजे तिथल्या उंच पठारांवर, सफरचंदांची पाहणी करावयास मी प्रथम गेलो तेव्हा माझ्यापाशी एक व्हर्नियर कॅलिपर, एक तराजू, रसातील साखर दाखविणारा रिफ्रॅक्टोमीटर आणि एक कोरी नोंदवही एवढाच सरंजाम होता. आणि कोकणातील रायवळ आंब्यांच्या सावलीत बालपण गेल्यामुळे, एकाच आगरातील दोन झाडांची फळे एकमेकांना ओळखही देत नाहीत हे ठाऊक असूनही, हे काम चार दिवसांच्या कारकुनीचे आहे असा माझा समज होता.

सफरचंदाचे फूल बहुधा स्वतःच्या परागाने फळत नाही. त्यामुळे बीपासून उगवलेले रोप आईचे गुण जसेच्या तसे कधीच घेत नाही, आणि जात टिकवायची तर कलमावाचून गत्यंतर नसते. रशियन वनस्पतिशास्त्रज्ञ निकोलाय वाविलोव १९२९ साली कझाकस्तानातील अल्माटीजवळच्या डोंगरांत हिंडले तेव्हा तेथील रानटी सफरचंदांची विविधता पाहूनच, या फळाचे मूळ घर हेच असावे, असे त्यांनी ताडले.

मोजमापाचा तपशील वाटतो तितका निरुपद्रवी नाही. घोसातील मधल्या फुलाचे फळ बाकीच्यांहून थोराड होते. उन्हातल्या फांदीचे लाल, तर आतल्या सावलीचे फिके. आणि ज्या फळाला एखादे पान चिकटून राहिले, त्याच्या लालीवर त्या पानाची फिकट आकृती जन्मभर उमटलेली. अंबरी या काश्मिरी जातीच्या फळाची लांबी व्यासाने भागून आकाराचा जो आकडा येतो, तोही दरसाल हवेप्रमाणे हलतो. म्हणून वजन आणि रंग यांवर मी आता फारसा विसंबत नाही. देठ किती लांब, देठाची खळी किती खोल, तळाशी सुकलेली निदले मिटलेली की उघडी, आडव्या छेदात दिसणारी पाच कप्प्यांची चांदणी कितपत मोकळी, या गोष्टी अधिक इमानदार असतात. एका गावी अंबरी म्हणून दाखविलेले झाड याच खुणांवरून मला परके ठरवावे लागले, तेव्हा बागेचा वृद्ध मालक रागावला नाही. त्याने ते फळ नाकाशी धरले आणि मान हलवली. आयोडीन लावून स्टार्चचा निळा डाग पाहण्याची माझी खटपट संपेपर्यंत त्याचा निवाडा झालेला होता!

अमेरिकेच्या आयोवा प्रांतात सापडलेले, १९१६ साली सॅम्युअल स्टोक्स यांनी हिमाचलातील कोटगढला लावलेले रेड डेलिशियस आज डोंगराळ मुलखातील बाजारावर हुकमत गाजविते. उशिरा फळणारी, तुलनेने कमी झगझगीत अशी अंबरी त्यापुढे मागे पडली. लाल अंबरी या संकरात दोन्ही रक्ते एकत्र आणण्याचा यत्न झाला, पण संकर म्हणजे मूळ जातीचे जतन नव्हे, असे माझे मत आहे, आणि ते सरकारदरबारी फारसे रुचत नाही.

एका हंगामातील दोन अंबरी मी श्रीनगरच्या माझ्या बिऱ्हाडात, न तापविलेल्या खोलीत, गवतात ठेवल्या होत्या. माघात पेटी उघडली तेव्हा साली किंचित सुरकुतल्या होत्या, वजन घटले होते, आणि खोलीभर सुवास पसरला. पाहणीच्या छापील तक्त्यात सुवासासाठी ‘मंद, मध्यम, तीव्र’ एवढेच रकाने होते. मी तिन्ही सोडून समासात लिहिले.