काझींचा पूल आणि अम्मींची अष्टमी

जानेवारीतल्या एका संध्याकाळी आमचा धाकटा शाळेतून आला तो दप्तर न टाकताच म्हणाला, “अब्बा, आपण बाहेरून आलोय का?” वर्गात कोणी तरी तसे बोलले होते. आम्ही उत्तर शोधत असताना तसबीह पढत बसलेल्या अम्मी म्हणाल्या, “बेटा, तुझी दादी अष्टमीची. चल, तुला दाखवते.” त्यांचे माहेर अष्टमी, म्हणजे रोह्याची जुळी बहीण. बारा-तेरा वर्षांत त्या तिकडे गेल्या नव्हत्या. प्रजासत्ताक दिनाला जोडून रविवार आला होता. आम्ही गाडी काढली.

पेण म्हटले की लोकांना गणेशमूर्तींचे कारखाने आणि पोह्याचे पापड आठवतात. आम्ही मात्र आधी गागोदे बुद्रुकचा रस्ता धरला. पेण तालुक्यातल्या या लहानशा गावात 11 सप्टेंबर 1895 रोजी विनोबा भावे जन्मले. भूदानाचे विनोबा सर्वांना माहीत आहेत. पण याच विनोबांनी मूळ कुरआन वाचता यावे म्हणून अरबी शिकून घेतली, कित्येक वर्षे अभ्यास केला आणि निवडक आयतींचे विषयवार संकलन केले, हे आपल्या किती घरांत सांगितले जाते? ‘रुहुल कुरआन’ नावाने ते ओळखले जाते. मराठीतही ‘कुराणसार’ म्हणून आले. 1962 मध्ये ते भूदानासाठी पूर्व पाकिस्तानातून पायी चालत गेले, तेव्हा तिथेही लोकांनी त्यांना जमिनी दिल्या.

लहानपणची एक आठवण विनोबा सांगत. घरचा फणस पिकला की आई आधी पानांच्या द्रोणांत गरे भरून शेजाऱ्यांकडे पाठवी, मग मुलांच्या हातावर ठेवी. ते ऐकून अम्मी म्हणाल्या, “आमच्याकडेही हेच होते. शेजाऱ्याचा हक्क आधी.” रश्श्यात थोडे पाणी वाढवा, पण शेजाऱ्याला त्यातले पाठवा, ही हुजूर सल्लल्लाहु अलैहि वसल्लम यांची शिकवण आपण मुलांना सांगतोच. गागोद्याच्या ओटीवर ती दुसऱ्या वाटेने पोहोचली होती.

तिथून पुन्हा महामार्गाला लागून वडखळ मागे टाकले आणि नागोठण्यात शिरलो. हे गाव रोहा तालुक्यात, अंबा नदीच्या काठी. आज नागोठणे म्हटले की पेट्रोकेमिकलचा कारखाना डोळ्यांसमोर येतो. एकोणिसाव्या शतकात मुंबईहून महाबळेश्वरला जाणारे प्रवासी बोटीने धरमतरच्या खाडीतून इथवर येत आणि पुढे घाटाची वाट धरत. पण आम्हाला त्याहून जुनी गोष्ट पाहायची होती.

ती म्हणजे अंबेवरचा दगडी पूल. 1883 च्या कुलाबा गॅझेटियरमध्ये त्याची नोंद आहे. सुमारे 1580 मध्ये चौलच्या काझी अलाउद्दीन यांनी तो बांधला आणि त्याला तीन लाख रुपये खर्च आला, असे त्यात म्हटले आहे. लांबी 480 फूट. दोन कठड्यांमधली वाट मात्र दहा फुटांहूनही अरुंद. मुलांनी हात पसरून एका कठड्यापासून दुसऱ्यापर्यंत मोजायला सुरुवात केली. दोघांचे हात पुरून उरले.

त्या काळी चौल हे अहमदनगरच्या निजामशाहीचे भरभराटीचे बंदर होते आणि शेजारी रेवदंड्याला पोर्तुगीज कोट करून बसले होते. 1570-71 मध्ये मुर्तझा निजामशहाने त्या कोटाला मोठा वेढा घातला होता, पण तो हाती लागला नाही. पोर्तुगीजांवर चालून जाणाऱ्या फौजेला नदी ओलांडता यावी म्हणून हा पूल बांधला, असे गॅझेटियर सांगते.

म्हणजे तो बांधला लढाईसाठी. पण निजामशाही गेली, पोर्तुगीज गेले, मराठेशाही आली नि गेली, इंग्रज गेले. पुलावरून चालत राहिली ती डोक्यावर पाटी घेतलेली माणसे, बाजाराला निघालेल्या बायका आणि शाळकरी पोरे. जुलै 1989 च्या महापुरात याच अंबेने वरच्या अंगाला जांभूळपाड्यात हाहाकार केला. पूल उभा राहिला. बांधणाऱ्याची नियत अल्लाह जाणे. लोकांच्या वाटेवर पूल बांधणे याला आपण सदका-ए-जारिया म्हणतो. तो एवढा दीर्घ चालू राहिलेला आम्ही जवळून प्रथमच पाहिला. अम्मींनी कठड्यावर हात ठेवला आणि काझीसाहेबांसाठी दुआ केली.

नागोठण्याहून भिसे खिंड उतरली की अष्टमी येते आणि कुंडलिका ओलांडली की रोहा. नगरपरिषदेचे नावही ‘रोहा अष्टमी’ असे जोडीने आहे. रोह्याची नावे मोठी आहेत. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर आणि पुढे देशाचे अर्थमंत्री झालेले चिंतामणराव देशमुख यांचे घराणे इथले. स्वाध्याय परिवाराचे पांडुरंगशास्त्री आठवले 1920 मध्ये इथेच जन्मले. अष्टमीचे नाव फारसे कोणी घेत नाही.

पण ते एका प्रसिद्ध प्रवासात आलेले आहे. 1674 च्या मे महिन्यात ईस्ट इंडिया कंपनीचा वकील हेन्री ऑक्झेंडेन शिवाजी महाराजांच्या भेटीसाठी रायगडाकडे निघाला. मुंबईहून चौल, चौलहून होडीने खाडीतून वर अष्टमी, तिथून जमिनीवरून निजामपूर आणि मग रायगड, अशी त्याची वाट. 6 जूनचा राज्याभिषेक त्याने डोळ्यांनी पाहिला. आपल्या टिपणांत त्याने या गावाचे नाव ‘एस्थेमी’ असे लिहिले. म्हणजे साडेतीनशे वर्षांपूर्वी परका माणूस होडीतून उतरला तेव्हा अष्टमी तिथे होती.

धाकटा नदीकडे बघत म्हणाला, “म्हणजे बाहेरून तो आला होता!” अम्मी खूप दिवसांनी मोकळ्या हसल्या.

अम्मींच्या माहेरच्या घराला कुलूप होते. एक मामा आखातात, एक मुंबईत. मोहल्ल्यातल्या बऱ्याच घरांची हीच कथा. ओटीवर पाचोळा साचला होता. अम्मी पायरीवर बसल्या आणि मुलांना सांगत राहिल्या: विहीर इथे होती, इथे सुकट वाळत घालायचो, या खिडकीतून अब्बा मगरिबला हाक मारायचे. मग आम्ही कब्रस्तानात जाऊन दुआ केली. कित्येक कबरींवर नाव नाही. कोणती आपल्या पणजोबांची, हे अम्मींनाही नक्की सांगता येईना. सांगू शकली असती ती पिढी गेली.

परत निघताना समोरच्या घरातल्या आजीबाईंनी अम्मींना ओळखले. “काय गं, न जेवताच चाललीस?” म्हणत त्यांनी मुलांच्या हाती वालाच्या शेंगांची पोपटी ठेवली. भांबुर्ड्याच्या पाल्यात मडक्यात शिजलेली, अजून गरम होती. स्वतःच्या नातवंडांसाठी ठेवलेली असावी. आधी आमच्या मुलांना मिळाली. गागोद्याचा फणस मुलांना लगेच आठवला.

घरी आल्यावर आम्ही एक साधी वही केली. अम्मी सांगतात, मोठी मुलगी लिहिते: खापरपणज्यापर्यंतची नावे, घराची हद्द, शेजाऱ्यांची नावे, विहिरीची जागा. वाचकांनाही एवढीच विनंती. गावच्या घराला कुलूप असले तरी चालेल, पण घरात आजी-आजोबा आहेत तोवर त्यांच्याजवळ बसा आणि लिहून घ्या. धाकट्याने वहीच्या पहिल्या पानावर अंबेवरचा पूल काढला आहे. खाली लिहिले आहे: ‘रस्ता: पेण, नागोठणे, अष्टमी. आमचे गाव.’