क्वेंटिन मामा

'द साउंड अँड द फ्युरी'ची माझी प्रत एम.ए.ला असताना जुन्या पुस्तकांत मिळालेली. आधीच्या मालकानं समासात पेन्सिलीनं अर्थ लिहायला घेतले होते. चार-पाच पानांत त्याचा दम संपला. विल्यम फॉकनरच्या या 1929 सालच्या कादंबरीचा पहिला भाग बेंजीचा. वय तेहतीस, बोलता येत नाही, तीस वर्षांपूर्वीचं आणि आत्ताचं त्याला सगळं एकच. हे काळ वेगवेगळ्या रंगांच्या शाईत छापावेत, असं फॉकनरच्या मनात होतं. तेव्हा ते जमलं नाही. सोलापुरात शिकवायला लागल्यावर मीच त्या प्रतीवर रंगीत पेन्सिली चालवल्या.

वर्गात मराठीइतकीच तेलुगू, कन्नड, उर्दू घरांतली मुलं, गाइडातून कथानक पाठ करून आलेली. मी मोठ्यानं वाचायचो; कळलं नाही तरी ऐका, म्हणायचो. कादंबरीत क्वेंटिन दोन, एक मुलगा आणि एक मुलगी. वाचक हमखास इथं अडखळतो. शहराच्या पूर्व भागातल्या विणकराघरची एक मुलगी म्हणाली, "मामा गेला म्हणून भाचीला त्याचंच नाव ठेवलं की वो सर. आमच्यात ठेवतात." समासात मी तांबड्या पेन्सिलीनं नुसतं 'मामा' लिहिलं.

तिसरा भाग बेंजीच्या भावाचा, जेसनचा. हा कापसाच्या सट्ट्यात पैसे घालवतो. न्यूयॉर्कचे भाव तारेनं येतात, आणि राग निघतो घरच्यांवर. त्याला खलनायक ठरवून मोकळं होणं सोपं आहे. पण 1877 साली 'जुनी मिल' निघाली तेव्हापासून या शहराचं पोट कापसावर. मिला बंद पडत गेल्या, त्या वर्षांतल्या मुलांनी हातातला पैसा गेलेला माणूस घरात कसा बोलतो ते ऐकलेलं होतं. जेसनवर त्यांनी दया दाखवली नाही, पण तो त्यांना लगेच कळला. तेव्हापासून मी जेसनपासूनच सुरुवात करतो, बेंजीला मागून गाठतो. क्रम मोडला म्हणून जाणकार नाकं मुरडतात, मुरडोत.

चौथ्या भागात डिल्सी ही कृष्णवर्णीय स्वयंपाकीण. स्वयंपाकघरातलं घड्याळ पाच ठोके देतं आणि ती म्हणते, आठ वाजले. थोरल्या क्वेंटिननं तर घड्याळाचे काटेच उपटलेले. या दोन घड्याळांवरून मी एकदा काळाच्या संकल्पनेत शिरलो, थेट तत्त्वज्ञ बर्गसाँपर्यंत पोचलो.

"पण सर, ती घड्याळ नीट का करून घेत नाही?" मागच्या बाकावरून आवाज आला.

मी उत्तर जुळवत होतो, तोवर शेजारची बोलली, "तिला टाइम हाय का? सगळ्यांचा सैपाक कोण करणार मग?"