पायऱ्या

पेणहून रोह्याला जाणाऱ्या संध्याकाळच्या गाडीत मी वह्या तपासतो. माझा विषय खरे म्हणजे मराठी. एका वर्षी गणिताचे शिक्षक लांबच्या रजेवर गेले आणि दहावीची सांख्यिकी माझ्या गळ्यात पडली. मी मॅट्रिक, तोही गणितात काठावर. अंधारात जिना चढणारा माणूस कठडा घट्ट धरतो, तसा मी गृहीतमध्याचे सूत्र धरून होतो. पायरी चुकली की गुण गेले, हा माझा कायदा.

रोह्यात ज्यांचे बालपण गेले ते चिंतामणराव देशमुख 1912 साली मॅट्रिकला पहिले आले, 1943 साली रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले आणि 1945 ते 1964 भारतीय सांख्यिकी संस्थेचे अध्यक्ष होते, हे मी वर्गात ऐटीने सांगे. (गावच्या थोर माणसाचा उपयोग आपण बहुधा दुसऱ्यांच्या मुलांना टोचण्यासाठीच करतो.)

गृहपाठाचे गणित मीच रचले होते. पेणमध्ये दुसरे काय सुचणार? एका कारखान्यातल्या 50 गणपतींची उंची : 6 ते 10 इंच 10 मूर्ती, 10 ते 14 इंच 15, 14 ते 18 इंच 12, 18 ते 22 इंच 8, 22 ते 26 इंच 5. सरासरी काढा. एका मुलाने नुसते 14.64 लिहिले. उत्तर बरोबर, म्हणूनच मला संशय आला. भरल्या वर्गात मी त्याला शून्य दिले आणि शेजाऱ्याची वही पाहिलीस, असेही म्हणालो. तो काहीच बोलला नाही. पुढचे तीन दिवस शाळेत फिरकला नाही.

चौथ्या दिवशी मी गाडी सोडून दिली. तो वडिलांच्या कारखान्यात रंग न लागलेल्या मूर्तींमध्ये बसला होता. खूप विचारल्यावर म्हणाला, "सर, मधली मूर्ती 16 इंचांची धरली. तिच्याहून 8 इंच उंच अशा 5 आहेत. त्यांच्यासमोर 8 इंच ठेंगण्या 5 उभ्या केल्या, फिटंफाट. 4 इंच उंच 8, त्यांच्यासमोर तेवढ्याच ठेंगण्या 8. मागे राहिल्या 8 ने कमी 5 आणि 4 ने कमी 7. चाळीस आणि अठ्ठावीस, अडुसष्ट इंच कमी पडले. ते पन्नासांत वाटले, 1.36 आले, सोळातून वजा केले."

माझ्या सूत्रातही वजा 140 आणि अधिक 72 यांतून तेच वजा 68 निघतात. पण या मूर्ती समोरासमोर उभ्या राहून एकमेकींचे देणे फेडतात, हे मला कधी दिसले नव्हते.

शून्य मी वर्गासमोरच खोडले. दिले होते तेही वर्गासमोरच. तो परत येऊ लागला. पुढच्या गणितात त्याने सारणी आखली, रकाने पाडले, एकूण एक पायरी लिहिली. आणि लिहिताना डावा हात आडवा धरून वही शेजाऱ्यापासून झाकून ठेवली.