चोरस्विच

आमच्या दादाची मोटार चोरील असा चोर अजून जन्माला यायचा आहे, असे आमच्या आळीत सगळे म्हणतात. त्यात कौतुक थोडे आणि थट्टा फार. गाडी जुनी मारुती आठशे. तिचा मूळचा रंग कोणता याबद्दल आमच्या घरातच दोन मते आहेत. चौलच्या खाऱ्या वाऱ्याने दारांच्या कडा कुरतडल्या आहेत. फुकट देतो म्हटले तरी कोणी न्यायला येणार नाही, तिथे चोरून कोण नेणार?

दादा मात्र तिला वंशपरंपरेच्या दागिन्यासारखी जपतो. त्याला कारण आहे. लहानपणी पोलिओने त्याचे दोन्ही पाय लुळे केले, आणि या गाडीने ते त्याला काही अंशी परत दिले. कारखान्यातून आली तेव्हा ती चारचौघींसारखीच होती. अलिबागच्या एका फिटरने शिंप्यासारखी दादाच्या हाताची मापे घेतली आणि तिला नव्याने घडवले. स्टिअरिंगखालून एक दांडा निघतो. तो पुढे लोटला की ब्रेक लागतो आणि आपल्याकडे ओढला की गाडी वेग घेते. गिअरच्या दांड्याला सायकलच्या ब्रेकसारखी मूठ आहे; ती आवळली की क्लच दाबला जातो. खाली पायाच्या पेडलांवर पत्र्याचे झाकण आहे, कारण दादाचा निर्जीव पाय चुकून मध्ये अडकला तर अनर्थ व्हायचा.

सरकारलाही हे सारे ठाऊक आहे. कारखान्याने जशी घडवली त्याहून गाडी वेगळी करायला 1988 च्या मोटार वाहन कायद्याचे 52 वे कलम सहसा हरकत घेते. पण अपंग माणसासाठी केलेल्या फेरफाराला ते रीतसर वाट देते. पेणच्या आर.टी.ओ.त त्याची नोंद झाली त्या दिवशी दादाने आळीत पेढे वाटले होते. आमच्याकडे पेढे सहसा मॅट्रिकच्या निकालाला वाटतात.

आता चोराचे म्हणाल, तर जुन्या गाडीकडे तो गाडी म्हणून पाहतच नाही. त्याला हवे असतात सुटे भाग. दादाचा तो दांडा आणि ती मूठ भंगारवाल्याकडे किलोच्या भावाने जाईल. चोराला त्याचे चार पैसे मिळतील आणि दादाचे पाय मात्र दुसऱ्यांदा जातील. हा हिशेब एकदा समजला की त्याच्या काळजीची थट्टा करवत नाही.

ही काळजी वाढली ती मार्च 2020 नंतर. त्या महिन्यात मांडव्याहून भाऊच्या धक्क्याला मोटारी नेणारी रो-रो बोट सुरू झाली. तोवर चौलहून मोटार पळवून मुंबई गाठायची तर अलिबाग, पोयनाड, वडखळ, पेण असा वळसा होता, आणि वडखळची वाहतूक कोणत्याही पोलिसापेक्षा खंबीरपणे चोराला अडवून धरी. आता तासाभरात गाडी दर्यापार! शिवाय शनिवार-रविवारी आमच्या अरुंद रस्त्यांवर मुंबई-पुण्याच्या इतक्या गाड्या उभ्या असतात की कोणाची कोणती, हे पाहणाऱ्या ओट्यांवरच्या म्हाताऱ्यांनीही हात टेकले आहेत.

मग दादाने बंदोबस्त आरंभला. किल्ली काढली की स्टिअरिंग अडकते, ते कुलूप होतेच. गिअरला अडसर घातला. पेडलांच्या झाकणाला कुलूप लावले. नव्या गाड्यांच्या किल्लीत एक इवलीशी चकती असते. गाडीतल्या यंत्राने ती ओळखल्याशिवाय इंजिन चालत नाही. आमच्या जुनीला ही विद्या नाही. म्हणून दादाने तिला गावठी विद्या शिकवली. ठिणगी पाडणाऱ्या कॉइलकडे जाणारी तार तोडून मध्ये एक लपवलेले बटण बसवले. ते दाबले नसेल तर स्टार्टर नुसता गुरगुरत राहतो, इंजिन काही पेट घेत नाही. गॅरेजवाले याला ‘चोरस्विच’ म्हणतात. चोराला फसवायचे यंत्र आणि नाव मात्र चोराचेच!

ते कुठे आहे, हे दादा आणि फिटर यांच्यावाचून कोणाला ठाऊक नव्हते. मी एकदा विचारले, तर दादा म्हणाला, “बाय, गुपित चार कानांत राहते. षट्कर्णी झाले की संपले.” मग त्याने जंजिऱ्याचा दाखला दिला. राजपुरीहून होडी निघते. समोर तट, बुरूज, तोफा, सारे दिसते, पण दरवाजा काही दिसत नाही. होडी अगदी जवळ गेली म्हणजे दोन बुरुजांमधून तो एकाएकी प्रकट होतो. एरवी शिवरायांचा कट्टर भक्त असलेला आमचा दादा कुलपाच्या बाबतीत मात्र सिद्दीचा चेला आहे.

आणि मग ती आषाढी एकादशी आली.

दादाला मधुमेह आहे. त्या दिवशी त्याने उपास धरला आणि सवयीने संध्याकाळचे इन्सुलिनही टोचून घेतले. रात्री दीडच्या सुमारास आईने मला हाक मारली. दादा घामाने चिंब झाला होता आणि काहीतरी असंबद्ध बडबडत होता. बाहेर पाऊस कोसळत होता, वीज गेली होती. मी किल्ल्यांचा जुडगा घेऊन धावले. गाडी मला चालवता येते. झाकण उघडले की पेडले असतातच. झाकण उघडले, गिअरचा अडसर काढला, किल्ली फिरवली. स्टार्टर गुरगुरला. पुन्हा फिरवली. पुन्हा गुरगुरला.

मी सीटखाली चाचपले, डॅशबोर्डखाली हात घातला, वायरी ओढल्या. दादाजवळ जाऊन ओरडले, “दादा, बटण कुठे आहे?” त्याने माझ्याकडे पाहिले, पण त्या नजरेत ओळख नव्हती. त्या घटकेला दादाच्या मोटारीचा सगळ्यांत पक्का अडवलेला चोर मीच होते.

शेजारी कोळ्यांचा बर्फाचा टेंपो उभा असतो. मासेमारी बंद असल्याने तो रिकामा होता. त्याची किल्ली बारा महिने आतच लटकलेली! शेजारच्या पोराने दोन मिनिटांत टेंपो दारात आणला, आणि मासळीच्या वासात एकादशी बुडवून आम्ही अलिबाग गाठले. डॉक्टरांनी शिरेतून ग्लुकोज दिले. थोड्याच वेळात दादाने डोळे उघडले. डॉक्टर मला म्हणाले, “अहो, घाम आणि बडबड सुरू झाली तेव्हाच, गिळता येत होते तोवर, साखरेचे पाणी पाजायचे.” साखरेचा डबा घरात हाताशीच होता, पण तेही आम्हाला ठाऊक नव्हते. दादाने स्वतःपुरते ठेवलेले ते आणखी एक गुपित.

शुद्धीवर आल्यावर त्याचा पहिला प्रश्न होता, “गाडी नीट बंद केलीस ना?” मला हसू आले, आणि मग रडू.

जंजिऱ्याबद्दल मी त्यानंतर पुष्कळ विचार केला. 1948 साली संस्थान विलीन होईपर्यंत सिद्दींनी तो राखला; पण तो दरवाजा लपलेला होता तो शत्रूपासून. आतल्या माणसांना तो ठाऊक नसता, तर किल्ला अजिंक्य राहिला नसता, त्याचा तुरुंग झाला असता. कुलपाची परीक्षा चोर घेतो हे खरे; पण त्याहून अवघड परीक्षा घरचे माणूस घेते, तीही अपरात्री, घाईत, अंधारात.

घरी आल्यावर दादाने मला गाडीत बसवले आणि माझा हात धरून त्या बटणावर नेला. दरवर्षी दसऱ्याला झेंडूची माळ घालताना मी ती जागा आपल्या हाताने पुसत आले होते! ती कोणती, हे मात्र इथे लिहिणार नाही. दिवाळी अंक चोरही वाचत असतील.

बटण दाबून किल्ली फिरवली, आणि जुनी मारुती पहिल्या हाकेला उठली.

“झाले बाय,” दादा म्हणाला, “आता षट्कर्णी झाले.”

त्या दिवसापासून साखरेची एक पुडी गाडीत असते. आणि दादाला रात्री झोप पूर्वीपेक्षा चांगली लागते.